निशाणापुढची जमीन

नानांनी तरुणपणी बैलगाड्याच्या असंख्य बाऱ्या केल्या, पण पळणारा गाडा त्यांना कधी धड दिसला नाही. ते घोडीवर असायचे. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूरच्या पट्ट्यात गाड्याला चार बैल जुंपतात, दोन पुढे आणि दोन मागे, आणि त्या चौघांच्याही पुढे एक घोडी पळते. गाड्यात बसून हाकणारा कुणी नसतो. खाली माणसांनी बैल सोडले की त्यांनी घोडीचा माग धरायचा आणि घोडीवाल्यानं चढाच्या घाटानं त्यांना वरच्या निशाणापार न्यायचं. अकरा, बारा, फार तर तेरा-चौदा सेकंदांचा खेळ. तेवढ्यात मागं वळून बघायला गेलं की तोल गेलाच. त्यामुळे नाना शर्यत कानांनी ऐकत. चार बैलांचे पाय मेळात पडताहेत की नाही, कुठला बैल ओढतोय आणि कुठला नुसता बरोबर पळतोय, कुणाचा श्वास फुटलाय, हे त्यांना घोडीच्या पाठीवर समजायचं.

मी पशुवैद्यक आहे. सरकारी दवाखान्यात नोकरी करते आणि हंगामात घाटावर ड्यूटी करते. आमच्या घरात एकाच खेळाकडे बघणारी दोन माणसं झाली, एक बैलाच्या पुढे पळालेलं आणि एक बैलाच्या बाजूला स्टेथोस्कोप घेऊन उभं राहिलेलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी गाडी काढली आणि राज्यातल्या वेगवेगळ्या शर्यतीच्या जागा बघत फिरलो. त्या फिरण्यातून माझ्या कामाबद्दल मला जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

आधी कामाबद्दल. शर्यत लावायची तर आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही, काठी, चाबूक, आरी, विजेचा झटका यांतलं काही वापरता येत नाही, आणि प्रत्येक बैलाला पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. हा दाखला देणं माझं काम. बैल समोर आला की आधी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर कागदाशी ताडायचा. मग दात बघून वय. ताप. डोळ्याच्या आतली त्वचा फिकी आहे का, नाकपुडी ओली आहे का. हृदयाचे ठोके, श्वास. खांद्यावर जू घासून सूज किंवा जखम आहे का. खुरांच्या बेचक्यात लाळ्या-खुरकुताची जुनी खूण आहे का. त्यानंतर मी शेपटी हातात घेते. मालकाला वाटतं डॉक्टरीणबाई ताप बघताहेत, पण मी शेपटीचा एकेक मणका बोटांनी चाचपत असते. पिरगाळलेली किंवा चावलेली शेपटी बोटांना कळते. मांडीच्या मागच्या बाजूनं केसांविरुद्ध हात फिरवला की टोचल्याचे वण लागतात. शेवटी बैल सरळ चालवून आणि गोल फिरवून बघायचा.

या तपासणीला मी मनापासून मानते. शर्यतींवर आक्षेप घेणाऱ्यांनी न्यायालयात जे मांडलं होतं, शेपट्या, आऱ्या, पाजलेली दारू, ते कुणी हवेतून आणलेलं नव्हतं. 2011 साली केंद्र सरकारनं मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला आणि 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं जल्लीकट्टूबरोबर आमचे घाटही बंद झाले, तेव्हा मी शिरवळला पशुवैद्यकीच्या वर्गात होते. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना तो निकाल योग्य वाटला. गावी आले की सगळं गाव विरुद्ध. मी दोन्हीकडे गप्प बसायचे. 2017 मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या काळात नानांची घोडी विकली गेली. ती लग्नाच्या वरातीत नाचवायला गेली, याचं त्यांना जे दुःख झालं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण वरात समोरून आली की ते रस्ता बदलत.

मग 2022 मध्ये घाट पुन्हा भरले आणि मी पहिल्यांदा तिथं टेबल मांडून बसले. त्याच वर्षी जनावरांत लम्पीची साथ आली, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या, आम्ही सगळे गावोगाव लस टोचत फिरलो. त्या वर्षात माझा आणि गावातल्या बैलवाल्यांचा संबंध बदलला. ज्यांना मी फक्त अडवणारी बाई वाटत होते, त्यांच्याच गोठ्यात मी पहाटे गाठीतला पू काढत बसलेली असायचे.

एकदा एका घाटावर मी एक बैल नाकारला. उजव्या पुढच्या पायानं तो किंचित, अगदी किंचित अंग चोरत होता. मालक नानांच्या जुन्या उठण्याबसण्यातले. त्यांनी आधी विनवलं, मग आवाज चढवला, मग नानांना पुढे केलं. नाना आले, त्यांनी मालकाला सांगितलं, "ह्याला त्या डांबरी रस्त्यावरनं चालव." बैल डांबरीवर चालला. नाना तोंड दुसरीकडे करून उभे राहिले होते. टक्, टक्, टक्, टप्. चौथा पाय हलका पडत होता. कडक जमिनीवर लंगड ऐकू येते, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, पण इतकी स्वच्छ ऐकू येते हे मला त्या दिवशी कळलं. बैल घरी गेला. घरी जेवताना नाना एवढंच म्हणाले, "तू खाली बसून बैल बघती. खाली समदेच बैल चांगले असत्यात. वर येऊन बघ."

वर म्हणजे निशाणाच्या पलीकडे.

ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती असं नाही, ड्यूटीवरच्या डॉक्टरला टेबल सोडून हलताच येत नाही. पुढच्या वेळी सोबतीला दुसरे डॉक्टर होते, तेव्हा मी माथ्यावर जाऊन उभी राहिले. आणि शर्यतीचा जो भाग लाउडस्पीकरवर कधीच येत नाही तो पाहिला. निशाण पडतं, घड्याळ थांबतं, निवेदक सेकंद पुकारतो, भंडारा उडतो, लोकांची मान पुन्हा खाली पुढच्या बारीकडे वळते. बैल मात्र अजून पळतच असतात. एकेकाचं वजन चार-साडेचारशे किलो, मागे ब्रेक नसलेला गाडा. पळताना बैलाला मागचे पाय पुढे रेटतात. थांबताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, आणि उभ्या बैलाचंही निम्म्याहून जास्त वजन आधीच पुढच्या पायांवर असतं. गाडा मागून ढकलतो, जू वशिंड सोडून मानेवर सरकतं, गळ्यातली जोती आवळतात. खुराची, सांध्याची, खांद्याची जी दुखणी माझ्या दवाखान्यात दोन दिवसांनी येतात, त्यांतली बरीचशी इथं, या न मोजलेल्या सेकंदांत होतात असं माझं मत तिथं उभं राहून झालं. तंदुरुस्तीचा दाखला मी पळण्याआधी देत होते. त्या बैलाला थांबायला जागा आहे का, याचा दाखला कुणीच कुणाला देत नव्हतं.

घोडीवाल्याचं खरं काम इथं सुरू होतं हेही मला तेव्हा कळलं. निशाण गेलं म्हणून घोडी आवळायची नाही. तिला तशीच पुढे काढायची, हळूहळू चाल उतरवायची आणि एका बाजूला मोठा वळसा घालायचा. बैल तिच्या मागं आहेत, तिच्याबरोबर तेही उतरतात. नानांनी आयुष्यभर हे केलं होतं आणि कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घोडी एकदम हुभी केली तर बैल घोडीवर येत्यात. म्हून तिला हळू उतरवायची. त्यात शिकवायचं काय?"

त्यावरून फिरायचं ठरलं. इतर ठिकाणी घोडी नसते, चढ नसतो. तिथं बैल कसे थांबवतात?

मार्गशीर्षात आम्ही साताऱ्याकडे निघालो. खंबाटकी ओलांडली की नाना बाहेर बघायला लागतात, त्यांचं लक्ष रस्त्यावर नसून गोठ्यांवर असतं. खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जी शर्यत होते तिला हिंद केसरी म्हणतात, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या बैलवाल्याला तिथं गुलाल घेणं म्हणजे जन्माचं सार्थक वाटतं. इथला खेळ आमच्यापेक्षा अगदी निराळा. जमीन सपाट. छकड्याला दोनच बैल आणि त्यावर ड्रायव्हर. शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात, गटातून सेमी, सेमीतून फायनल. आमच्याकडे बैल घड्याळाशी पळतो, इथं शेजारच्या बैलाशी. दातांवरून वर्ग पडतात, दुधाचे दात असलेला आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. बैल सोडणाऱ्याला सुट्टी मेकर म्हणतात आणि चांगल्या सुट्टी मेकरला ड्रायव्हरइतका मान असतो. बकासूरसारख्या बैलाचं नाव तर शर्यत न बघणाऱ्यालाही ठाऊक झालं आहे. ड्रोन उडत होते, शर्यत मोबाइलवर थेट दिसत होती, आणि नाना गर्दीतून एकाच दिशेनं चालत होते, रेषेच्या पलीकडे.

तिथं आम्ही दुपारभर उभे होतो. सपाटीवर चढ मदतीला येत नाही. सगळं ड्रायव्हरच्या कासऱ्यावर. एका वयस्कर ड्रायव्हरशी नानांची ओळख झाली, तंबाखूवरून, जशी होते. त्यांनी हातातला कासरा नानांच्या हातात दिला आणि त्याचं दुसरं टोक स्वतः धरलं. "एकदम वडला तर बैल मान वर करतो. मान वर गेली की पाठ आत जाती. पाठ आत गेली की पुढचं पाय ताठ पडत्यात. संपला." मग त्यांनी कासरा थोडा ओढला, थोडा सोडला, पुन्हा ओढला. मी शिकलेलं शरीरशास्त्र हेच सांगतं. मान वर फेकलेल्या जनावराला मागचे पाय पोटाखाली घेता येत नाहीत आणि मागचे पाय पोटाखाली आल्याशिवाय भार मागे जात नाही. हे मला पुस्तकात समजायला एक संध्याकाळ लागली होती. त्यांनी ते दोरीनं दोन मिनिटांत दाखवलं.

पण ड्रायव्हर कितीही जाणता असला तरी पुढे जमीन हवी. त्या भागात आम्ही आणखी एक लहान मैदान पाहिलं, गावकीचं. तिथं रेषेपासून काही अंतर सोडून पुढचा भाग नांगरून भुसभुशीत ठेवला होता. बैल रेषा ओलांडून कडक मातीवर थोडे पळायचे, कासरा लागायचा, मग ढेकळांत पाय शिरले की आपोआप चाल मोडायची. कुणी ओरडत नव्हतं, कुणी आडवं जात नव्हतं. नांगरट मुद्दाम केली का, असं मी विचारलं तर आयोजक म्हणाले, त्यांच्या वडिलांपासून करतात. दुसऱ्या एका मैदानावर, नाव घेत नाही, रेषेच्या पुढे दोनशे पावलांवर गाड्यांचं पार्किंग होतं. तिथं पोरं हात पसरून बैलांना आडवी जात होती. बैल त्यांना बघून बिचकत, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मध्ये जू. मी एका बैलाचा श्वास मोजला. माझ्यापुरता एक हिशोब मी ठेवलेला आहे, वीस-पंचवीस मिनिटांत श्वास उतरला नाही तर त्या बैलाला त्या दिवशी पुन्हा जुंपू नये. तिथं मला कुणी विचारलेलं नव्हतं, ती माझी ड्यूटी नव्हती. तरी मालकाला सांगितलं. त्यानं ऐकलं. दोन मैदानांचे बैल सारखेच तयारीचे होते. फरक रेषेपुढच्या जमिनीचा होता.

माणदेशातून परत येताना मी नानांना खिलारबद्दल विचारत राहिले. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा दुष्काळी मुलूख, आणि तिथंच ही जात टिकली, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत तिचा बाजार भरतो. माझ्या दवाखान्यात मी रोज कृत्रिम रेतन करते. शेतकरी विचारतो, कालवडच होईल ना? आता लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात, त्यातून बहुतेक कालवडीच होतात, आणि त्याला कारण आहे. संकरित गायीला गोऱ्हा झाला की घरात कुणी बोलत नाही. तो दूध पितो, काम करत नाही, ट्रॅक्टर आल्यापासून त्याला जागाच राहिलेली नाही. काही आठवड्यांत तो दिसेनासा होतो आणि मी कानातल्या बिल्ल्याची नोंद बंद करते. खिलार गोऱ्हा जन्मला की मात्र मला फोन येतो, डॉक्टर, खोंड झालाय, बघून जा. त्याची नाळ मी बांधावी असा हट्ट असतो. त्याला पहिल्या दिवसापासून चीक पोटभर मिळतो, जंताचं औषध वेळेवर मिळतं. शर्यतीवर माझा जीव आहे तो मुख्यतः यासाठी. आज या राज्यात नर वासराचा जन्म साजरा होण्याची जी थोडी कारणं उरली आहेत त्यांतलं हे सर्वांत मोठं आहे. ज्यांना शर्यती नको आहेत त्यांनीही या वासराचं काय करायचं ते माझ्या शेजारी दवाखान्यात उभं राहून सांगावं, मी खरोखर ऐकेन. आणि ज्यांना शर्यती हव्या आहेत त्यांनी त्या बैलाच्या गुडघ्यांचा हिशोब द्यावा. मला दोघांकडूनही उत्तर हवं आहे.

पौष पौर्णिमेला थापलिंगचा खंडोबा. हे आमचं घरचं. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळ डोंगरावर देऊळ, आणि नवसाचे गाडे चढावर पळतात. सपाटीचा खेळ बघून आल्यावर हा घाट मला नव्यानं दिसला. चढ ही केवळ बैलाची परीक्षा नाही. निशाणापुढेही चढ राहिला तर बैल ओढ संपली की आपोआप उतरतो, जू वशिंडाला टेकलेलंच राहतं, गाडा मागून ढकलत नाही. जुन्या लोकांनी डोंगराची कुशी निवडली ती देवळासाठीच असं मी मानत आले होते. नाना म्हणाले, "देव वर हाये म्हून घाट वर." मी म्हटलं, "आणि बैलाला थांबायला पण बरं." ते म्हणाले, "ते पण देवाचंच की." यावर मी काही बोलले नाही, पण नव्यानं बांधलेले काही घाट मला माहीत आहेत, जिथं निशाणाच्या पुढे लगेच सपाटी आणि सपाटीवर स्टेज, खुर्च्या, पाहुणे. तिथं देवही नाही आणि चढही नाही.

अलिबागला आम्ही गेलो ते खरं तर नानांना समुद्र दाखवायला. अलिबाग, मुरूडकडे किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत बैलगाड्या पळतात. तिथं शर्यतीची वेळ माणूस ठरवत नाही. एका कोळी आजोबांनी नानांना हिशोब सांगितला, तिथीला पाऊणपट करायचं, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला भरती बाराच्या अलीकडे-पलीकडे येते, मग ओहोटी सकाळ-संध्याकाळी. नानांनी तो हिशोब दोन-तीन तिथ्या घालून तपासला आणि खूश झाले. थांबवायला इथं सोपं. पाण्याच्या कडेची वाळू घट्ट आणि वरची कोरडी वाळू मऊ. गाडी पुढे काढायची आणि वरच्या अंगाला वळवायची. नांगरट निसर्गानं करून ठेवली आहे. वाळूचं दुखणं वेगळं, खोल वाळूत घोट्यामागच्या शिरा ताणतात, पण त्याबद्दल लिहायला मी तिथं पुरेशी राहिले नाही.

शेवटचा पल्ला विदर्भाचा. शिर्डीहून आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. तासन् तास सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपण. नानांना बैलांशिवायचा एवढा रस्ता सोसला नाही. ते बोलत राहिले, आणि घरात इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. बंदीच्या वर्षांत कुणी कुणी बैल राखले, कुणी खाटकाला दिले आणि मग तोंड चुकवत फिरले. एका शेजाऱ्यानं पोरीच्या लग्नाचं कर्ज काढलं पण बैल विकला नाही, तो बैल घाट न बघताच म्हातारा होऊन मेला. नाना म्हणाले, त्याला पळवलाच नाही म्हणून त्याचे पाय शेवटपर्यंत चांगले होते. पुढे बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो. मी त्यांना विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, पळवावा का नाही?" ते म्हणाले, "पळवावा. पण पळवणाऱ्यानं वर हुभं राहावं. खाली सोडून घड्याळाकडं बघू नये."

अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट भरतो. विदर्भात शर्यतीला पट म्हणतात, आणि झाडीपट्टीत पट असला की रात्री नाटक असतंच, दिवसा जोड्या आणि रात्री रंगभूमी. इथल्या जोड्यांत मला गवळाऊ बघायचे होते. वर्धा-नागपूरकडची ही पांढरी, हलक्या हाडाची जात, मराठ्यांच्या काळात वेगानं सामान नेण्यासाठी तिची पैदास झाली असं आमच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. खिलारपेक्षा पाय बारीक, चाल मोकळी. मी एका धन्याची परवानगी घेऊन जोडी तपासली, सवयीनं शेपटी हातात घेतली. तो हसला आणि म्हणाला, "पाहा मॅडम, पुरी पाहा."

तळेगावची आणखी एक ओळख म्हणजे तिथं बायकाही जोडी हाकतात. मी एका धुरकरी बाईंशी बोलले, चाळिशीच्या असतील, कापसाची शेती, घरचीच जोडी. रेषेच्या पुढे तुम्ही काय करता, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, कारण सगळे त्यांना बाई असून कसं जमतं हेच विचारतात. त्या म्हणाल्या की त्या रेषेच्या पुढे बैलांशी बोलतात. पळताना सगळे ओरडतात, म्हणून पळताना त्या गप्प असतात. रेष गेली की बोलायला लागतात, रोज संध्याकाळी गव्हाणीपाशी बोलतात तसं, नावं घेऊन. बैलांना तो आवाज म्हणजे काम संपलं हे माहीत आहे. मी मग मुद्दाम थांबून त्यांची जोडी पाहिली. वेळ काही खास नव्हती. पण रेषेनंतर ती जोडी ज्या रीतीनं उतरली तसं मी त्या हिवाळ्यात दुसरीकडे पाहिलं नाही. माना खाली, मागचे पाय पोटाखाली, दोघांची पावलं एकत्र. नाना पाठ करून उभे होते. जोडी थांबल्यावर वळले आणि म्हणाले, "ही जोडी घरी चालत जाईल."

परतल्यावर मी तीन गोष्टी लिहून काढल्या आणि माझ्या भागातल्या घाट कमिट्यांपुढे ठेवल्या. निशाणापुढची जागा पळण्याच्या जागेच्या निम्मी तरी मोकळी असावी. ती शक्यतो चढाची, नाहीतर नांगरलेली. आणि बारी झाल्यावर बैल अर्धा तास तिथंच सावलीत राहावा, म्हणजे आम्हाला श्वास आणि पाय पुन्हा बघता येतील. हे माझं स्वतःचं म्हणणं आहे, सरकारी आदेश नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. काही कमिट्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. एका गावानं मात्र बैठक बोलावली. तिथं मुख्य अडचण बैलांची नव्हती. निशाणाच्या वरच्या अंगाला स्टेज होतं, त्याच्यामागे भेळेच्या आणि उसाच्या रसाच्या गाड्या, आणि त्यांची जागा यात्रेच्या लिलावात आधीच गेली होती. स्टेज खाली आणायचं तर पाहुण्यांना उन्हात बसावं लागणार. तासभर त्यावरच बोलणं झालं. शेवटी नाना उठले, म्हणाले, पाहुण्यांना मंडप घाला, बैलाला मंडप घालता येत नाही, आणि स्टेज कुठवर मागं न्यायचं ते दाखवायला चार जणांना घेऊन घाटावर गेले. रसवाल्याच्या जागेचे पैसे कुणी परत द्यायचे यावर कमिटीत अजून वाद आहे. स्टेज हललं आहे.